आक्का, तुमच्या गाडीचा रथ होऊ देणार नाही

आक्का, तुमच्या तेराव्याला तुमच्या मालकांनी, दाजींनी, भाषण केलं. मांडव, माइक, स्टेजवर खुर्च्या आणि मागं भला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवरचा तुमचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, गर्दीतून कापून काढलेला. तुमच्या खांद्याला चिकटून दुसऱ्याच बाईच्या शालूचा काठ दिसत होता. इतक्या वर्षांत त्या घरात तुमचा एकटीचा म्हणून एकही फोटो निघाला नव्हता. दाजींचे मात्र त्याच फ्लेक्सवर दोन होते, एक हात जोडलेला आणि एक हात उंचावलेला. मी बायकांच्या घोळक्यात पार मागं बसले होते. पंगती उठेपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार होता, या माणसाचा सूड कसा घ्यायचा.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन शांत असावं म्हणतात. माझं नाही. मी फार रडलेही नाही. तुमचा भाऊ, माझा नवरा, रडतो. उसाला पाणी द्यायला म्हणून जातो आणि बांधावर बसून रडून येतो, मग डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगतो. मला राग आला की भूक लागते. तुम्ही गेल्यापासून मी रोज दोन भाकरी जास्त खातेय आणि प्रत्येक घासाला दाजींचं नाव घेतेय.

तुम्हाला आठवतं का, मी लग्न होऊन युसूफ वडगावला आले तेव्हा सासूबाईंनी काय धरून ठेवलं होतं? सुनेनं गुरांच्या दवाखान्यात नोकरी करायची नाही, म्हशीला सुया टोचत गावभर हिंडायचं नाही. तुम्ही दिंद्रुडहून माहेरपणाला आला होतात. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणालात, "जाऊ दी की तिला. म्हैस आडली तर ती काय तुझी परवानगी मागत बसती व्हय?" सासूबाईंनी मग मला अडवलं नाही. नणंद म्हटली की नव्या नवरीला धाकच असतो, मी तर तुम्हाला टरकूनच होते. त्या दिवशी मला वाटलं, या बाईसाठी आपण काहीही करू. आज नोकरीला इतकी वर्षं झाली, गाडी चालवायला शिकले, वाड्या-वस्त्यांवर एकटी जाते, ते सगळं तुमच्या त्या एका वाक्यावर उभं आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "हूं, लई शानी झालीस."

आणि तुम्ही काय मिळवलंत? तुमच्या दारात तीन गाड्या. पांढऱ्याशुभ्र, काचा काळ्या. पण गाडी सुरू झाली की आधी कार्यकर्ते चढणार, मग त्यांचे पाहुणे, मग तुमचा मुलगा. तुम्ही पदर सावरत उभ्या, आणि दाजी काच खाली करून म्हणणार, "तू मागच्या गाडीतनं ये." मागची गाडी म्हणजे जीप. तिच्यात बायका, पोरं आणि भांडी.

नातवाच्या जावळाला खंडोबाला निघालो होतो तो दिवस मी विसरत नाही. येळवणीच्या, पुरणाच्या कटाच्या आमटीचं पातेलं तुमच्या मांडीवर होतं, खाली ठेवायला जागाच नव्हती. पुढच्या गाडीतल्या कुणाला तरी तंबाखू घ्यायची आठवण झाली, ती थांबली, आपल्या जीपनं करकचून ब्रेक मारला आणि उकळती आमटी तुमच्या दोन्ही मांड्यांवर आली. तुम्ही ओरडलाही नाहीत, नुसता श्वास आत घेतलात. मी मिळेल ते पाणी तुमच्यावर ओतत होते. दाजी उतरून आले, जीपमध्ये डोकावले आणि म्हणाले, "आमटी किती ऱ्हायली?" तेव्हा तुम्ही हसलात, आक्का. त्या हसण्याचा मला अजून राग आहे.

म्हणून तुम्ही मोबाइलच्या व्हिडिओत मला ती गाडी दाखवलीत तेव्हा माझ्या लगेच लक्षात आलं की ही सहल नाही, हे काहीतरी दुसरं आहे. कुणी नवरा-बायको समुद्राच्या काठाला गाडी लावून, मागचं दार वर करून चहा करत होते. आत गादी, कपाट, दिवा. "शोभा, हे बग. घरच गाडीत हाय," म्हणालात. "लॉजवर जायाचं तर संग गडीमानूस लागतोय, परकी गादी, कडी न लागनारी मोरी. हितं आपलं समदं आपल्या संग." मी विचारलं, जायचंय कुठं? तुम्ही जरा लाजलात. "समुद्र बगायचाय. मासे खायाचेत. आन सकाळी ऊन तोंडावर येस्तोवर झोपायचंय. कुनी चहा मागायचा न्हाई."

मग आपण दोघी कामाला लागलो. तुम्ही दाजींना सांगितलंत, शोभाच्या संग देवदर्शनाची गाडी बघायला पुण्याला जाते. मी म्हटलं होतं, खोटं कशाला, सरळ सांगा. तुम्ही म्हणालात, "देवाला जाते म्हनलं की ह्यांचं तोंड बंद हुतंय. फिरायला जाते म्हनलं की धा जनं इचारत्यात, कुनासंग, कावून." मी मान डोलावली. आपल्याकडं कुठल्या बाईनं घराबाहेर पडायला देवाचं नाव घेतलं नाही? पण आक्का, तिथंच आपण गळ्यात फास घालून घेतला.

पुण्याच्या त्या वर्कशॉपमध्ये मी तुमचं वेगळंच रूप बघितलं. गाड्या दाखवणारा माणूस दर वाक्याला विचारायचा, साहेब कधी येणार आहेत? तुम्ही म्हणालात, "साहेब येनार न्हाईत. गाडी आमाला पायजे." पहिली गाडी म्हणजे महाल होता. उंच छत, आत न्हाणी, शेगडी, बेसिन, आडवा मोठा पलंग, आणि बसायच्या सीटा चार. तुम्ही चपला काढून सरळ त्या पलंगावर आडव्या झालात आणि डोळे मिटलेत. तो माणूस अवघडून बाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, झालं, ठरलं. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "झोपायला लई झ्याक. पन दिंद्रुडच्या गल्लीत लायटीच्या वायरीला घासंल. आन इतवारी पोरांना पालीच्या धरनावर न्ह्यायचं म्हनलं तर ह्यो डोंगर काढायचा व्हय?" 

दुसरी जुनी होती, कुणीतरी विकायला ठेवलेली. तिचं सरकतं दार उघडलं ते हातातच आलं. तिसरी तुम्हाला बघताक्षणी आवडली. रस्त्यानं जाताना नेहमीच्या गाडीएवढीच उंच, आणि थांबल्यावर कडी काढली की छत तंबूसारखं वर उठायचं, आत ताठ उभं राहता यायचं. शेगडी मागच्या दारातून बाहेर सरकायची, म्हणजे धूर बाहेर, फोडणीचा वास बाहेर, आणि धरणावर गेलं तर मागं उभं राहून गरम भाकरी करून वाढता येईल. तुम्ही त्या माणसाला पहिला प्रश्न विचारलात, "गरम पातेलं कुटं ठिवायचं?" तो म्हणाला, मांडीवर धरता येईल की. तुम्ही त्याच्याकडं असं बघितलंत की त्यानं तिथल्या तिथं कागदावर कठड्याचा कप्पा काढला. मग त्यानं बाजूला लावलेला आडवा सोफा दाखवला, इथं अजून तिघं मावतात म्हणाला. "बिरेक मारल्यावर कुटं जात्यात ती तिगं?" तुम्ही विचारलंत. सगळ्या सीटा पुढं तोंड करून, सगळ्यांना पट्टा, यावर तुम्ही अडून बसलात. 

गाडी माझ्या नावावर नोंदवायला लावलीत. "माज्या नावावर झाली म्हंजी ती ह्यांची झाली," म्हणालात. तेव्हा मी हसले होते.

भांडण लागलं ते परतीच्या वाटेवर, सीटांवरून. तुम्हाला सात पाहिजे होत्या. मी म्हणत होते चार. चार सीटा केल्या तर मागं पलंग कायमचा राहतो, कपाटं राहतात, कधीही चढा आणि झोपा. सात केल्या तर दर रात्री सीटा दुमडून गादी जोडायची, कपडे पिशवीत ठेवायचे. पण माझं खरं कारण तुम्हाला माहीत होतं. मी म्हटलं, आक्का, सात सीटांची गाडी दारात दिसली की भावकीत लग्न निघणार, कुणाला दवाखान्यात न्यायचं निघणार, मग सभा निघणार. रिकामी सीट दिसली की कुणीतरी बसणारच. चार सीटांच्या गाडीत पलंग बघून कार्यकर्ता चढायचा नाही, लाजेल. तुम्ही म्हणालात, "आन माजी सून रूपाली कुटं बसंल? तिची पोरं? आन माज्या लेकीला काय टपावर बांदू?" मी म्हटलं, समुद्राला आपण दोघीच जाऊ.  तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मला एकटीला चांगलं झालेलं गोड लागत न्हाई गं." मला इतका संताप आला की चहाला गाडी थांबवली तेव्हा मी तुमच्याशी बोललेच नाही. वर्कशॉपवाल्याला सांगितलं, सीटांचं कळवतो, तोवर काम सुरू करू नका. ते कळवायचं राहून गेलं.

तुम्ही गेलात त्या दिवसाबद्दल मी फार लिहिणार नाही. तुमच्या छातीत कळ आली तेव्हा तीन गाड्यांपैकी दारात एकही नव्हती. सगळ्या सभेला गेलेल्या. रूपालीनं ड्रायव्हरला फोन केला, त्यानं सांगितलं, साहेब स्टेजवर हायेत, आता कसं बोलू. शेवटी शेजाऱ्याचा दुधाचा पिकअप काढला. कॅन उतरवायलाही वेळ नव्हता. माजलगावच्या रस्त्यावर त्या कॅनच्या मधे, रूपालीच्या मांडीवर तुमचं डोकं होतं, आणि दवाखाना यायच्या आधीच तुम्ही गेलात. दाजी आले तेव्हा गळ्यात सभेतला हार तसाच होता. मी गुरांची डॉक्टरीण. कुठलं जनावर वाचणार आणि कुठलं नाही हे मला दारातून कळतं. कुणाला वेळेत नेलं नाही म्हणून ते दगावलं, हेही कळतं.

आता तेराव्याचं ऐका. दाजींनी माइक घेतला, डोळे पुसले आणि म्हणाले, "आमच्या मंडळीचं एकच सपान हुतं. गावातल्या समद्या आयाबहिनींना देवदर्शन घडवायचं. त्यासाठी तिनं गाडी बुक केलती. आज मी शब्द देतो, ती गाडी आक्का देवदर्शन रथ म्हनून आपल्या गटात गावोगाव फिरंल." झेडपीची निवडणूक तोंडावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेराव्याला. बायकांनी पदर डोळ्याला लावला. तुमच्या थापेवर तो माणूस मतं मागायला निघाला होता, आणि मला उठून काही बोलता येत नव्हतं, कारण बोलले असते तर खोटारड्या तुम्ही ठरला असतात.

काल मी दिंद्रुडला गेले. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं, एवढंच ठरलं होतं की गप बसायचं नाही. दाजी ओसरीवर दोन कार्यकर्त्यांना घेऊन बसले होते, रथाला भोंगा कुठं लावायचा यावर खल चाललेला. मला बघून म्हणाले, "बरं झालं वैनी आलात. त्या पुन्यावाल्याला सांगा, छत कापून टाक म्हनावं. वर हुबं ऱ्हाऊन हात जोडता आलं पायजे."

आक्का, ज्या छताखाली तुम्ही झोपणार होतात, त्याला भोक पाडून हा माणूस त्यातून वर येणार होता.

मी म्हटलं, "दाजी, गाडी माज्या नावावर हाय. तिचा रथ हुनार न्हाई."

"नावाचं काय घिऊन बसलात. घरातलीच हाय की."

"आक्काला देवदर्शनाला जायचंच नव्हतं."

दाजींनी कार्यकर्त्यांना जरा बाहेर थांबायला सांगितलं. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "मला म्हाईत न्हाई व्हय? मंग सांगा की गावाला. माजी बायको खोटं बोलून पुन्याला गेलती म्हनून सांगा. नाव कुनाचं जाईल?"

म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं. तुमची थाप त्यांनी ओळखली होती आणि वेळ आल्यावर वापरायला जपून ठेवली होती.  तुमचं नाव की तुमची गाडी, दोन्हीतलं काय सोडायचं ते मला ठरवता येईना.

तेवढ्यात रूपाली चहा घेऊन आली. तुमची सून, जी सासऱ्यापुढं कधी मान वर करत नाही. तिनं कपबशी खाली ठेवली आणि तिथंच उभी राहिली. "मामा, आत्यांनी मला समदं सांगितलं हुतं. समुद्र बगायचा हुता त्यान्ला. नाव जातंय तर जाऊ द्या. माइकवर मी सांगते. आन त्या दिवशी गाडी कावून मिळाली न्हाई, ते बी सांगते."

खरं सांगते, मला आधी वाईट वाटलं. मला वाटत होतं समुद्राची गोष्ट तुम्ही फक्त मला सांगितलीत. मग रूपालीकडं बघितलं. जिच्या मांडीवर तुमचं डोकं होतं तिला तुम्ही सांगितलं होतं, ते बरंच केलंत.

दाजींनी रूपालीकडं बघितलं नाही. ते दाराकडं वळून मोठ्यानं बोलले, कार्यकर्त्यांना ऐकू जाईल असं. "ह्या घरात दुखवटा हाय. वरीसभर ह्या घरातलं कुनीबी उंबरा वलांडून हिंडायला जानार न्हाई. लोकं बगत्यात." त्यांना वाटलं, बायकांना घरात कोंडायला एवढं बास आहे. कार्यकर्ते दारात येऊन माना डोलवायला लागले.

आणि मला माझा सूड समोर बसलेला दिसला.

मी उठून दारात गेले आणि त्या दोघांना म्हणाले, "ऐकलंत न्हवं साहेब काय म्हनाले? वरीसभर दुखवटा. अन् बायकू गेल्यावर सगळ्यात मोठा दुखवटा नवऱ्याचाच. आता सभा न्हाई, हार न्हाई, परचार न्हाई. बायकांचा लई जीव हुता आक्कावर. साहेब दुखवटा मोडून मतं मागाया आले तर त्या काय म्हनतील, तुमीच बगा." त्यांच्यातल्या एकानं दुसऱ्याकडं बघितलं.  आपल्याच तोंडचा शब्द दाजींना गिळता येईना. संध्याकाळपर्यंत तो आमच्या युसूफ वडगावापर्यंत पोचला, म्हशी बघायला मी ज्या ज्या घरी गेले तिथं मला उलट तोच सांगितला गेला. मी प्रत्येक घरी म्हटलं, फार मोठ्या मनाचा माणूस.

दिंद्रुडहून निघण्याआधी तिथंच ओसरीवर सगळ्यांसमोर मी वर्कशॉपला फोन लावला. सात सीटा, म्हटलं. सगळ्या पुढं तोंड करून, सगळ्यांना पट्टा. छताला हात लावायचा नाही. फोन ठेवताना मला कळलं की आपलं भांडण तुम्ही जिंकलात. मला चार पाहिजे होत्या, अजूनही पाहिजेत. पण रूपाली आणि तिची दोन पोरं, तुमची लेक, तुमचा भाऊ आणि मी, एवढी माणसं तुम्ही गेल्यावर मोजायला लावलीत, त्याला मी काय करू.

मी निघाले तशी रूपाली गाडीपर्यंत आली, वर्ष सरलं की समुद्राला निघायचं म्हणाली. ती आत गेल्यावर दाजी आले. एकटेच होते, अंगात नुसता बनियन. माझ्या काचेजवळ वाकून उभे राहिले. "समुद्र बगायचाय म्हनून मला ती कदी बोलली न्हाई," म्हणाले. मी किल्ली फिरवली. "वैनी, सात सीटा म्हनलात. मानसं तर साच हुत्यात." डोळे खरंच भरले होते, स्टेजवरचे नव्हते, एवढा फरक मला कळतो. "समुद्रावर जाशाल तवा मलाबी न्या."

"न्हाई," मी म्हणाले आणि काच वर केली.

आक्का, मला वाईट वाटलं नाही. दिंद्रुडपासून घरापर्यंत मी वाट बघत होते, वाईट वाटेल म्हणून. नाही वाटलं. तुम्ही असतात तर मला रागावून गाडी मागं घ्यायला लावली असती, सरकून त्यांना जागा करून दिली असती, आणि वर पट्टा लावलाय का म्हणून विचारलं असतं. पण तुम्ही नाही आहात. ती सीट आम्ही रिकामी नेणार आहोत.